बकेट, वणवा आणि ६ लाख ८१ हजार कोटी

(संरक्षण दलांविषयी वाचकांनी पाठवलेल्या प्रश्नांना हवाई दलातून निवृत्त झालेले, सध्या वाईत राहणारे एक हेलिकॉप्टर फ्लाइट इंजिनिअर या सदरात उत्तरं देतात. या खेपेचे सगळे प्रश्न आगीचे आहेत.)

प्रश्न : काका, मार्च २०२३ मध्ये गोव्यातल्या आमच्या सत्तरीत, म्हादई अभयारण्यात आगी लागल्या तेव्हा मी शाळेत होते. हवाई दलाचं हेलिकॉप्टर मोठ्या बादलीतून पाणी ओतताना बघून आम्ही टाळ्या वाजवल्या. पण आगी त्यानंतरही काही दिवस होत्याच. मग त्या पाण्याचा खरंच उपयोग झाला का?
— विद्यार्थिनी, वाळपई

उत्तर : टाळ्या वाजवल्यात ते छान केलंत. आतल्यांना त्या ऐकू जात नाहीत, एवढंच.

त्या बादलीला आम्ही ‘बांबी बकेट’ म्हणतो. नारिंगी रंगाची, घडी होणारी, मूळची कॅनडाची. एमआय-१७ हेलिकॉप्टरला लावतात तिच्यात साधारण साडेतीन हजार लिटर पाणी मावतं. म्हणजे उन्हाळ्यात सोसायटीच्या दारात येतो त्या दहा हजार लिटरच्या टँकरचा जेमतेम तिसरा हिस्सा. आता हिशोब कर. तळं आगीपासून दहा किलोमीटरवर आहे. बकेट लटकत असताना वेगाने जाता येत नाही. ती मागे झोके घ्यायला लागते. भरणं, जाणं, नेमकी जागा शोधणं, ओतणं, परत येणं, सगळं धरून एका फेरीला पंधरा-वीस मिनिटं. तासाला तीन-चार फेऱ्या, म्हणजे फार तर चौदा हजार लिटर. एका टँकरपेक्षा थोडं जास्त.

आणि ही पूर्ण भरलेल्या बकेटची गोष्ट झाली. हवा तापली आणि उंची वाढली की हेलिकॉप्टरची उचलण्याची ताकद घटते. मे महिन्यात उत्तराखंडातल्या कुमाऊँच्या डोंगरात बकेट काठोकाठ भरून उचलायचा आग्रह कुणी धरत नाही.

माझं काम पायलटच्या मागे. बकेट पोटाखाली लोंबकळत असते, पायलटला ती दिसत नाही. म्हणून आमच्यापैकी एकजण पट्टा बांधून दारातून बाहेर वाकतो आणि हेडसेटवर सतत बोलत राहतो : दोन मीटर पुढे, एक मीटर डावीकडे, थांब, बकेट पाण्यात, भरतेय, भरली, उचल. तळं निवडताना पाणी पुरेसं खोल आहे का ते बघायचं, काठावर विजेच्या तारा नाहीत ना ते बघायचं आणि मोबाइल घेऊन पुढे सरकणारे लोक किती आहेत तेही बघायचं. हा शेवटचा मुद्दा विनोदाने लिहिलेला नाही. २०२४ मध्ये नैनीताल पेटलं तेव्हा तलावातलं बोटिंग बंद ठेवावं लागलं होतं.

ओतण्याची उंची ही खरी कसरत. फार खाली गेलं तर पंख्याचा वारा आगीला भाता लावल्यासारखी फुलवतो. फार वरून सोडलं तर पाण्याचं तुषार होऊन निम्मं वाटेतच उडून जातं. त्यात तुमची सत्तरी म्हणजे दाट झाडी. तिथली आग शेंड्याने पळत नाही, खाली पाल्यापाचोळ्यातून सरपटते. वरून पडलेलं पाणी पानांवरच अडतं. झाड न्हाऊन निघतं आणि बुंध्याशी ओंडका धुमसत राहतो. चार तासांनी वारा सुटला की पुन्हा धूर. तुम्हाला नंतरही आग दिसत राहिली ती अशी.

मग उपयोग काय? जिथे माणूस चढूच शकत नाही अशा कड्यावर उपयोग होतो. वस्तीच्या तोंडाशी आलेली आगीची कड थोडी थंड करून खालच्या माणसांना जवळ जाता येईल एवढी उसंत मिळते, तिथे फार होतो. २०१६ मध्ये उत्तराखंडात भीमतालचं पाणी उचलून आम्ही हेच करत होतो. सकाळी धूर एवढा दाटलेला असायचा की तो विरेपर्यंत पंखा फिरवण्यात अर्थ नसे, आणि अंधार पडला की काम बंद. तेव्हा हेलिकॉप्टरं होती दोन-तीन आणि जमिनीवर माणसं होती सहा हजारांच्या आसपास. वर्तमानपत्रात फोटो कुणाचे आले ते तू ओळखशील. आणि शेवटी आग कुणी विझवली म्हणशील, तर मेच्या पहिल्या आठवड्यात आलेल्या पावसाने.

तुझ्या गावात आग जमिनीवर आटोक्यात आणली ती वनखात्याच्या, अग्निशमन दलाच्या आणि गावच्या माणसांनी. काजूच्या बागेत पाला पेटवून साफसफाई करायची पद्धत आहे ना तुमच्याकडे? पुढच्या वेळी घरात विषय निघाला की विचार, त्या दिवशी पाला पेटवून कुणी किती वेळ राखण करत उभं राहिलं होतं.

प्रश्न : २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात संरक्षणाला पावणेसात लाख कोटींहून अधिक. नौदलासाठीच्या २६ राफेल-एम विमानांचा करार सुमारे ६३ हजार कोटींचा. आणि जंगल पेटलं की आपण दोन हेलिकॉप्टरांची वाट बघत बसतो. एका विमानाच्या पैशात आगीवर पाणी मारणारी विमानं आली नसती का? की हे काम सरळ लष्कराकडेच सोपवून टाकावं?
— निवृत्त प्राध्यापक, नाशिक

उत्तर : सर, आधी तो आकडा फोडून बघू. ६,८१,२१० कोटी. यातले १,६०,७९५ कोटी पेन्शनचे. (मीही त्याच रकान्यात बसतो, तेव्हा माझं म्हणणं तेवढं वजा करून घ्या.) नवी शस्त्रं, विमानं, जहाजं यासाठीची भांडवली तरतूद १,८०,००० कोटी. उरलेलं पगार, इंधन, सुटे भाग, दुरुस्ती. म्हणजे ‘एवढ्या पैशांतून थोडे इकडे वळवा’ म्हणताना वळवता येण्याजोगा भाग दिसतो त्यापेक्षा बराच लहान आहे.

तरीही तुमची चीड खोटी नाही. तराजूचं दुसरं पारडं बघा. जंगलातल्या आगीसाठी केंद्राची एक स्वतंत्र योजना आहे, वणवा प्रतिबंध आणि व्यवस्थापनाची. ती सगळ्या देशासाठी मिळून वर्षाला शंभर कोटीसुद्धा नाही, आणि त्यात राज्यांनी ४० टक्के आपले घालायचे. डोंगरी आणि ईशान्येकडच्या राज्यांना १० टक्के. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०१९ च्या अहवालानुसार देशातलं ३६ टक्के वनक्षेत्र वारंवार आगी लागण्याच्या टप्प्यात येतं. हे व्यस्त प्रमाण दाखवायला राफेलची गरजच नाही.

पण उत्तर विमान नव्हे, असं माझं मत आहे. कॅनडातली ती तलावावरून घसरत सहा हजार लिटर पाणी उचलणारी विमानं तिथल्या आगींसाठी बांधली आहेत : झाडांच्या शेंड्यांवरून पळणाऱ्या मैलोगणती आगी आणि जागोजागी लांबरुंद तळी. आपल्याकडे फेब्रुवारी ते जून हजारो ठिकाणी छोट्या छोट्या आगी लागतात, गवतात आणि पाचोळ्यात, आणि बहुतेक माणसाने लावलेल्या. मोह वेचायला जमीन स्वच्छ हवी म्हणून, तेंदूला पालवी चांगली फुटावी म्हणून. आमच्या सातारच्या डोंगरांवर तर ‘जाळलं की गवत जोमानं येतं’ या एका समजुतीपायी दरसाल डोंगर काळे होतात. अशा आगीला पहिल्या तासात चार माणसं, झोडपायला ओल्या फांद्या आणि एक पाला उडवायचा ब्लोअर मिळाला तर ती तिथेच मरते. तीच आग तिसऱ्या दिवसापर्यंत पोचली की मग हेलिकॉप्टर आठवतं.

उपग्रहावरून आग टिपून वनरक्षकाच्या मोबाइलवर एसएमएस पाठवायची व्यवस्था आपल्याकडे केव्हाची चालू आहे, आणि ती चांगली आहे. एसएमएस पोचतो. पुढे त्या वनरक्षकाकडे गाडी आहे का, डिझेल आहे का, हाताशी हंगामी मजूर आहेत का, जानेवारीत जाळरेषा (आग पुढे सरकू नये म्हणून आधीच जाळून साफ केलेले पट्टे) काढून झाल्या होत्या का, इथे गाडी अडते. मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उत्तराखंड सरकारला विचारलं होतं की ऐन वणव्यात वनकर्मचारी निवडणुकीच्या कामाला का लावले. त्याच वर्षी जूनमध्ये बिनसर अभयारण्यात आग विझवायला गेलेले चार जण जागीच जळून गेले. त्यानंतर तिथे हेलिकॉप्टर आलं. त्या माणसांच्या अंगावर आगीत घालायचा धड पोशाख असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला विमानांच्या किमतीपेक्षा जास्त छळतो.

आता ‘लष्कराकडेच सोपवा’ याबद्दल. याला माझा विरोध आहे, आणि त्याचं कारण कॅलेंडरमध्ये आहे. वणव्याचे महिने कुठले? मार्च, एप्रिल, मे. बर्फ वितळून सीमेवर हालचाल सुरू होण्याचे महिने कुठले? तेच. कारगिल मे १९९९ मध्ये पेटलं. २८ मे रोजी तोलोलिंगजवळ आपलं एक एमआय-१७ पाडलं गेलं आणि आतले चौघे गेले. लडाखमधला चीनशी पेच मे २०२० मध्ये सुरू झाला. ऑपरेशन सिंदूर, मे २०२५. त्या चार दिवसांत उत्तराखंडात पौडीचा डोंगर पेटला असता तर हवाई दलाने बकेट लावलेलं हेलिकॉप्टर दिलं असतं का? आणि द्यावं, असं आपण तरी म्हटलं असतं का? जी यंत्रणा नेमकी गरजेच्या महिन्यात दुसरीकडे अडकू शकते तिच्यावर जंगलं सोडून देणं म्हणजे जंगलांना कुणीच नाही असं ठरवणं.

शिवाय लष्कर फुकट असतं ही समजूत मोडलेली बरी. २०२४ मध्ये केरळला केंद्राचं पत्र गेलं : २००६ पासून वायनाडच्या दरडीपर्यंत हवाई दलाने केलेल्या मदतकार्याचे १३२.६२ कोटी भरा. त्यावरून तिथे मोठा गहजब झाला. वायनाडमध्ये माणसं गाडली गेली असताना मागाहून बिल पाठवायचं का, यावर भांडायला जागा आहे, आणि माझ्या मते पाठवू नये. पण हेलिकॉप्टरचा तास कुणाच्या तरी खात्यात पडतोच. तो संरक्षणाच्या खात्यात गुपचूप पडत राहिला की राज्यांना वाटतं आपल्याला काही करायची गरज नाही, आणि वनखात्याची मागणी दर वर्षी कात्री लागून परत येते. माझं म्हणणं इतकंच की हवेतून आग विझवायची असेल तर राज्यांनी मिळून तीन-चार महिन्यांसाठी खासगी हेलिकॉप्टरं भाड्याने घ्यावीत, तो खर्च वनखात्याच्या नावाने दिसू द्यावा आणि त्याच्या आधी मजुरांची चारही महिन्यांची मजुरी वेळेवर द्यावी. अनेकांना यात पुरेसा रुबाब वाटणार नाही.

प्रश्न : पण स्पेन, अमेरिकेत तर सैन्यच आग विझवतं. आपल्यालाच का जड जातं?
— वाचक, पुणे

उत्तर : स्पेनचं उदाहरण माझ्या वरच्या म्हणण्याला खरोखर आव्हान देतं, म्हणून ते आधी घेतो. जुलै २००५ मध्ये तिथे ग्वादलाहारा प्रांतात आग विझवणारे ११ जण जळून मेले. त्याच वर्षी सरकारने सैन्यातच आपत्तींसाठी वेगळी तुकडी काढली, ‘यूएमई’. साडेतीन हजारांच्या आसपास माणसं, आणि काम फक्त आग, पूर, भूकंप. सुरुवातीला विरोधकांनी पंतप्रधानांची हौस म्हणून चेष्टा केली; आज ती तिथली सगळ्यात लाडकी पलटण आहे. तेव्हा सैन्य हे काम उत्तम करू शकतं. अट एकच : त्या माणसांना दुसरं काम द्यायचं नाही. आपण देतो ती उसनवारी आहे, तिथे ती नेमणूक आहे.

आणि तरीही ऑगस्ट २०२५ मध्ये स्पेनमध्ये आगीने हाहाकार उडाला. त्या वर्षात साडेतीन लाख हेक्टरांहून अधिक क्षेत्र जळलं. भांडण कशावरून पेटलं? आग विझवणं ही तिथे स्वायत्त प्रदेशांची (आपल्याकडच्या राज्यांसारख्या) जबाबदारी, त्यांनी कामगार वर्षभर न ठेवता हंगामापुरते ठेवले, झाडोरा हिवाळ्यात साफ केला नाही आणि मग माद्रिदकडे सैनिक मागितले. नावं बदलली तर ही बातमी डेहराडूनची म्हणून खपेल. त्याच वर्षी एप्रिलमध्ये स्पेनने संरक्षण खर्च वाढवायची योजना आणली, तिच्यातला साधारण सहावा हिस्सा आपत्ती निवारणाच्या साधनांसाठी दाखवला. नाटो या लष्करी आघाडीला संरक्षण खर्च फुगवून दाखवायचा हा चतुरपणा आहे असं म्हणणारे आहेत. मला तो बऱ्यापैकी प्रामाणिक वाटतो, कारण निदान लिहून दाखवला.

अमेरिकेत सी-१३० या लष्करी मालवाहू विमानात बसवायच्या टाक्या आहेत, अशा आठ. प्रत्येकीत अकरा हजार लिटरवर रसायन मावतं, पाच सेकंदांत खाली. गंमत अशी की टाक्या वनखात्याच्या मालकीच्या, विमान आणि माणसं सैन्याची. आणि खासगी कंपन्यांची विमानं पुरी पडेनाशी झाली तरच ही बोलवायची, असा दंडक. १ जुलै २०१२ रोजी त्यातलं एक विमान साऊथ डकोटात पडलं, सहापैकी चौघे गेले. शत्रू नसला तरी हे काम सोपं नाही.

ऑस्ट्रेलियाने २०१९-२० च्या वणव्यांत तीन हजार राखीव सैनिक बोलावले. मग २०२३ च्या संरक्षण आढाव्यात लिहिलं की देशांतर्गत आपत्तीत सैन्य हा शेवटचा उपाय असावा. ते वाचताना मान डोलली.

प्रश्न : भाऊ, माझा मुलगा अग्निवीर आहे. चार वर्षं संपत आली. पुढे ठेवतील की नाही माहीत नाही. आग विझवायच्या खात्यात या पोरांना घेतील का?
— एक आई, कोरेगाव (जि. सातारा)

उत्तर : ताई, आपल्या जिल्ह्यात अपशिंगे मिलिटरीसारखं सैनिकांचं गाव आहे, तेव्हा तुमची काळजी मला वेगळी समजावून सांगायला नको. योजनेनुसार चौघांपैकी एकाला कायम ठेवणार, बाकीच्यांना सेवा निधीचे (चार वर्षांनी एकरकमी मिळणारे) साधारण पावणेबारा लाख देऊन मोकळं करणार. भूदलात आधी बाहेर पडेल ती जानेवारी २०२३ मध्ये प्रशिक्षणाला बसलेली पहिली तुकडी.

मला स्वतःला ही पोरं वनखात्यात आणि अग्निशमनात जावीत असं फार वाटतं. डोंगर चढायची सवय आहे, हुकूम पाळायची आहे, वायरलेसवर नेमकं बोलता येतं, आणि धूर बघून पाय मागे घेणार नाहीत. हरियाणाने वनरक्षक आणि पोलिस शिपाई भरतीत १० टक्के जागा अग्निवीरांसाठी ठेवायची घोषणा जुलै २०२४ मध्ये केली. केंद्राने २०२३ मध्ये राज्यांची अग्निशमन दलं सुधारण्यासाठी ५ हजार कोटींची योजना काढली आहे. गाड्या येतील तेव्हा त्या चालवायला माणसंही लागतील.

पण आशेवर बसू नका. मुलाला आत्ताच दोन गोष्टी करायला सांगा. जड वाहनाचा परवाना काढून घ्या. फायर इंजिनवर त्याचा उपयोग होईल. आणि युनिटमध्ये अग्निशमनाचा किंवा प्रथमोपचाराचा जो कोर्स मिळेल तो करून त्याचं प्रमाणपत्र हातात घेऊनच बाहेर पड म्हणावं. सुटल्यावर ते मागत फिरायला लागतं आणि कारकून सांगतो, पुढच्या आठवड्यात या.

प्रश्न : मुंबईत मोठी आग लागली तर लष्कर येतं का?
— वाचक, दादर

उत्तर : समुद्रात येतं. २७ जुलै २००५ रोजी बॉम्बे हायचा समुद्रातला तेलविहिरीचा फलाट पेटला तेव्हा भर पावसात नौदल आणि तटरक्षक दलाने मिळून ३८४ पैकी ३६२ जणांना वाचवलं. ते काम दुसऱ्या कुणाला जमलंच नसतं. शहराच्या इमारतीत मात्र तुमचे महापालिकेचे जवान आमच्यापेक्षा सरस; जिना, गॅस सिलिंडर, लिफ्टचा खड्डा यांचं ज्ञान सैन्याकडे नाही. मदत उलटीही जाते. ऑगस्ट २०१३ मध्ये नौदल गोदीत सिंधुरक्षक पाणबुडीत स्फोट झाले तेव्हा मुंबई अग्निशमन दलाच्या गाड्या आत गेल्या होत्या. आणि १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये युद्धाचा दारूगोळा आणि कापूस एकाच जहाजात भरून आणला गेला होता, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. दर एप्रिलमध्ये अग्निशमन सप्ताह असतो तो त्यांच्यासाठी.

प्रश्न : आमच्या गावामागचा डोंगर पेटला तर हेलिकॉप्टर मागवायचं कुणी?
— सरपंच, भोर तालुका

उत्तर : तुम्ही नाही आणि आमदारही नाही. जिल्हाधिकारी राज्याला कळवतात, राज्य संरक्षण यंत्रणेकडे मागणी नोंदवतं, मग जवळचा तळ कोणता, तिथे बकेट आहे का, पाणी कुठून उचलायचं हे ठरतं. यात दिवस जातो. तुम्ही १९२६ या वनखात्याच्या क्रमांकावर फोन करा आणि त्याच वेळी वनपालाला थेट लावा. त्याचा नंबर ग्रामपंचायतीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा. हंगाम १५ फेब्रुवारीपासून धरतात. त्याच्या आधी गाव आणि डोंगर यांच्यामधल्या जाळरेषा झाल्या की नाहीत हे स्वतः चालत जाऊन बघा. झाल्या नसतील तर जानेवारीच्या ग्रामसभेत ठराव करा आणि त्याची प्रत वनक्षेत्रपालांकडून पोच घेऊन द्या.